शाळा सुटल्यानंतरचा संगणक-वर्ग: पैसे कसे उभे करावेत

बडोद्यातल्या एका प्राथमिक शाळेत दहा संगणक धूळ खात पडलेले मी पाहिले आहेत. एका कंपनीने ते थाटामाटात दिले, फीत कापली, फोटो निघाले. दिवाळीच्या सुट्टीत त्या खोलीला जे कुलूप लागलं, ते पुन्हा उघडलंच नाही. यंत्रं चांगली होती, पण शिकवायला माणूस नव्हता. माणसासाठी पैसे कुणी मागितलेच नव्हते. देणगी मागायला गेलेल्यांत मीही होते, आणि ती चूक मला आजही टोचते.

म्हणून पहिलंच सांगते: यंत्रांसाठी पैसे सगळ्यात शेवटी मागा. आधी वर्ग चालवायचे पैसे उभे करा. लॅपटॉप द्यायला लोक तयार असतात, कारण लॅपटॉपचा फोटो निघतो. शिकवणाऱ्या ताईच्या मानधनाचा फोटो निघत नाही.

हा खटाटोप प्राथमिकच्या मुलांसाठीच का, असंही विचारलं जातं. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतली संगणक प्रयोगशाळा सहावी ते बारावीसाठी आहे. तिसरी-चौथीतली पोरं त्यात बसत नाहीत. त्यांच्या हातात मात्र घरचा मोबाईल कधीच आलेला असतो. शाळा सुटल्यापासून आई कामावरून येईपर्यंतच्या दीड-दोन तासांत ती व्हिडिओच बघत बसतात. आपल्याला तेवढे तास हवे आहेत.

पायरी १: आधी परवानगी, मग पैसा

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. या समितीपुढे विषय मांडा आणि लेखी ठराव करून घ्या: कोणती खोली, कोणते दिवस, किती वाजेपर्यंत, किल्ली कुणाकडे. शाळा महापालिकेची असेल तर नगर प्राथमिक शिक्षण समितीकडे, म्हणजे शासनाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागेल. शाळेच्या वेळेबाहेर इमारत वापरायची असल्याने तोंडी होकारावर थांबू नका. मुख्याध्यापक बदलले की तोंडी होकार त्यांच्याबरोबर जातो. शाळा दोन पाळ्यांत भरत असेल तर दुसरी पाळी सुटल्यावर खोली खरोखर रिकामी होते का, ते स्वतः जाऊन बघा.

पालकांना एकच गोष्ट विचारा: मुलाला न्यायला किती वाजता येऊ शकता? वर्गाची वेळ त्यावर ठरवा. मुलांची नावं, फोटो, फोन नंबर घेण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे, आणि देणगीदाराला पाठवायचे फोटोही त्यात आलेच.

पायरी २: तासांचा हिशोब मांडा

कागद घ्या आणि यंत्रांपासून नाही, तासांपासून सुरुवात करा. उदाहरण म्हणून २० मुलं, आठवड्यातून ३ दिवस, दिवसाला दीड तास असं धरू. परीक्षा, दिवाळी, नवरात्र आणि उत्तरायण वजा करून ३४ आठवडे, म्हणजे १०२ वर्ग होतात. नवरात्रात बडोद्यातलं मूल रात्री गरब्याला जागून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर्गाला येईल, ही आशा ठेवू नका.

शिकवणाऱ्या ताईला वर्गाला ४०० रुपये धरले तर ४०,८०० होतात. खोली उघडणाऱ्या-झाडणाऱ्या मावशींना १५० प्रमाणे १५,३००. खाऊ १२ रुपये मुलामागे, एकूण २४,४८०. इंटरनेटचे दहा महिन्यांचे ६,०००, दुरुस्तीसाठी बाजूला १४,००० आणि कागद-छपाईचे ३,०००. सगळे मिळून १,०३,५८० रुपये. मुलागणिक एका वर्गाचा खर्च साधारण ५१ रुपये येतो. हा आकडा पाठ करून ठेवा, देणगीदारासमोर तोच कामी येतो. तुमच्या भागातले दर वेगळे असतील, तेव्हा बेरीज तुमची तुम्ही करा.

खाऊला अनेक जण कात्री लावायला सांगतात. तेवढी लावू नका. दुपारी शाळेत जेवलेलं मूल संध्याकाळी पाच वाजता भुकेलेलं असतं, आणि भुकेलं मूल माऊस फेकतं. शेंगदाण्याची चिक्की किंवा केळं पुरतं.

पायरी ३: तीन वाटे करा

रक्कम बघून घाबरायला होतं. अशा वेळी आपल्या शहराचाच एक जुना हिशोब उपयोगी पडतो. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतं. १९१० नंतर गावोगाव वाचनालयं उभी राहिली तेव्हाची पैशांची रीत मात्र फारशी सांगितली जात नाही. गावाने वर्गणी काढून जेवढी रक्कम जमवायची, तेवढीच प्रांत (म्हणजे जिल्हा) पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. गावाने हात हलवला नाही तर पुढचं काही नाही. त्यामुळे वाचनालय गावाला आपलं वाटायचं.

तोच हिशोब आपण धरू. १,०३,५८० चे तीन वाटे म्हणजे प्रत्येकी साधारण ३४,५०० रुपये. एक वाटा मोहल्ल्याचा, एक एखाद्या विश्वस्त संस्थेचा, एक कंपनीचा. मोहल्ल्याचा वाटा आधी जमवा. पदरात ३४,५०० असताना मागायला गेलात तर समोरचा तुम्हाला खुर्ची देतो.

पायरी ४: मोहल्ल्याचा वाटा

पालकांकडून महिन्याला ५० रुपये घ्या. २० मुलांचे दहा महिन्यांचे १०,००० होतात. ज्यांना जमणार नाही त्यांना नाही म्हणू नका आणि कोण देत नाही हे कुणाला कळूही देऊ नका. ही नोंदवही एकाच व्यक्तीकडे राहावी. पण सगळ्यांसाठी फुकट ठेवू नका. पन्नास रुपये देणारी आई मूल दोन दिवस आलं नाही तर स्वतः विचारायला येते.

उरलेले २४,५०० दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, नवापुरा अशा आपल्या जुन्या वस्त्यांतून निघू शकतात. गणेशोत्सवाची मंडळं आपल्याकडे घट्ट बांधलेली आहेत. त्यांच्याकडे श्रावणाआधी जा, मांडवाचा खर्च ठरायच्या आत. वर्गणीतून अमुक रुपये द्या असं म्हणू नका, ‘एका महिन्याचा वर्ग मंडळाच्या नावाने’ असं म्हणा. दहा वर्गांचा महिना दहा हजारांच्या आसपास जातो, आणि दोन मंडळं मिळून तो सहज उचलू शकतात. शाळेचे माजी विद्यार्थी, कोपऱ्यावरचे किराणावाले काका, फरसाणवाले भाई यांच्याकडून रोख नको, खाऊच मागा. ते आनंदाने देतात, आणि त्यांचा खाऊ हिशोबात देणगी म्हणून लिहा.

प्रत्येक रुपयाची पावती द्या, अगदी ५० रुपयांचीही.

पायरी ५: विश्वस्त संस्थेचा आसरा

चार उत्साही माणसांनी नवीन ट्रस्ट काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चॅरिटी कमिशनरकडची नोंदणी, ऑडिट, आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसूट) ही सगळी कागदपत्रं होईपर्यंत उत्साह आटतो. तुमच्या भागात आधीच काम करणारी, स्वच्छ हिशोबाची संस्था शोधा: एखादं शिक्षण मंडळ, ज्ञातीचा ट्रस्ट, महिला मंडळ. त्यांना हा वर्ग स्वतःचा उपक्रम म्हणून चालवायची विनंती करा, वेगळं खातं नाही तर निदान वेगळी खातेवही ठेवायला सांगा, आणि दोन पानांचा करार करा. कराराशिवाय पैसे दुसऱ्याच्या खात्यात टाकू नका, माणसं कितीही ओळखीची असोत.

देणगीदार ‘टॅक्समध्ये सूट मिळेल ना?’ असं हमखास विचारतात. संस्थेकडे ८०जी असेल तर मिळते, पण जुन्या करपद्धतीतच. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला सूट नाही, तेव्हा चेक किंवा यूपीआय.

बडोद्यात प्रत्येक गल्लीतलं कुणी ना कुणी अमेरिकेत किंवा कॅनडात आहे, आणि पैसे पाठवायची त्यांची मनापासून तयारी असते. इथे जपा. तिकडच्या भाच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर त्याच्या स्वतःच्या बचतीतली देणगी बँकेतून घेता येते. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं) कार्ड असलं तरी ती विदेशी देणगी ठरते. ती फक्त एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेली संस्थाच घेऊ शकते, आणि तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या ठरावीक शाखेतल्या खात्यात. भाच्याला पासपोर्टबद्दल विचारताना संकोच वाटतो. तरी विचारा, नाहीतर आसरा देणारी संस्था अडचणीत येते.

पायरी ६: कंपनीचा वाटा

सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकार्यावर करायचा खर्च, म्हटलं की सगळे रिफायनरीकडे किंवा मोठ्या खत कारखान्यांकडे धावतात. तिथे अर्जांचे ढीग असतात. मकरपुरा, सावली, नंदेसरी इथल्या मध्यम कंपन्यांकडे बघा. निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते. सरासरी ५ कोटींचा नफा धरला तर १० लाख. ही रक्कम ५० लाखांच्या आत असेल तर वेगळ्या सीएसआर समितीची सक्ती नाही, संचालक मंडळच ठरवतं. म्हणजे निर्णय घेणाऱ्या माणसासमोर तुम्ही थेट बसू शकता. अशा कंपनीला ३४,५०० रुपये कुठे लावायचे, हाच प्रश्न पडलेला असतो.

संस्थेकडे १२ए, ८०जी, सीएसआरचे पैसे घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी आणि तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. आसऱ्याची संस्था निवडताना हेच बघायचं. ‘पगारावर आम्ही पैसे देत नाही’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे सांगा की प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला आहे. मुलांना शिकवणाऱ्या ताईचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च आहे. हे वाक्य मी तीन बैठकांत उच्चारलं आहे आणि दोनदा ते लागू पडलं.

बोलवायचंच असेल तर कंपनीच्या साहेबांना वर्गात बोलवा आणि मुलांनाच त्यांना शिकवू द्या. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्डवर मराठी क आणि गुजराती ક एकाच कळीवर असतात. मराठी घरातली मुलगी आणि तिची गुजराती मैत्रीण त्याच कळा दाबून आपापल्या आजीचं नाव लिहितात. हे बघून उठणारा माणूस रिकाम्या हाताने क्वचितच उठतो. (मग स्क्रॅच या मुलांच्या प्रोग्रॅमिंगच्या साधनात मांजर चालवून दाखवायला मुलं त्यांना सोडत नाहीत, ते वेगळं.)

पायरी ७: आता यंत्रं

दोन मुलांमागे एक, म्हणजे १० लॅपटॉप. नवे घेऊ नका. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ न पेलणारे हजारो धडधाकट लॅपटॉप कार्यालयांतून बाहेर पडले. लिनक्स ही फुकट मिळणारी कार्यप्रणाली घातली की लहान मुलांच्या कामाला ते उत्तम चालतात, आणि स्क्रॅच ब्राउझरमध्ये उघडतं. घेताना फुगलेली बॅटरी आणि तुटकं चार्जर असलेलं यंत्र परत करा, फुकट मिळत असलं तरी. खोलीचं अर्थिंग वीजतंत्रीकडून तपासून घ्या आणि कुलपाचं लोखंडी कपाट आधी आणा.

महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांसाठी केंद्राचं विद्यांजली पोर्टल आहे. शाळेने तिथे गरज नोंदवली की लोक वस्तू किंवा स्वतःचा वेळ देऊ शकतात. पैसे तिथे घेतले जात नाहीत. सयाजीराव विद्यापीठातले विद्यार्थी मदतनीस म्हणून येतात, पण त्यांच्या परीक्षांच्या दिवसांत येत नाहीत. त्यांच्या भरवशावर मुख्य वर्ग ठेवू नका.

पायरी ८: दुसरं वर्ष

दर महिन्याच्या पाच तारखेला जमा-खर्चाचं एक पान शाळेच्या फलकावर लावा आणि तिन्ही वाटेकऱ्यांना पाठवा. त्यात हजेरी लिहा, किती वर्ग बुडाले आणि का बुडाले तेही लिहा. आमच्याकडे ऑगस्टमध्ये पावसाने चार वर्ग गेले. ते लपवलं नाही म्हणून पुढच्या चार वर्गांचा खाऊ एका व्यापाऱ्याने स्वतःहून दिला.

कंपन्यांचं आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं. दुसऱ्या वर्षाचा अर्ज उत्तरायणाचे पतंग उतरल्यावर लगेच, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात हातात ठेवा. सोबत कुठलीही रंगीत पुस्तिका नको. मुलांनी स्वतः टाइप केलेली २० पानं लावा, चुकांसकट.