आयकर विवरणपत्राचे ई-व्हेरिफिकेशन: सही आपली, जबाबदारीही आपली

आयकर विवरणपत्र ‘सबमिट’ केले, पोचपावती क्रमांक आला, म्हणजे काम झाले असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ते सहीवाचून कागद देण्यासारखेच असते. विवरणपत्र भरणारी व्यक्ती आपणच आहोत याची खातरजमा होईपर्यंत, म्हणजेच ई-व्हेरिफिकेशन होईपर्यंत, आयकर विभाग त्यावर पुढील प्रक्रिया करत नाही आणि परतावा मिळायचा असेल तर तोही तोवर अडकून राहतो. यासाठी विवरणपत्र पाठवल्यापासून ३० दिवसांची मुदत मिळते. पूर्वी ती १२० दिवस होती. १ ऑगस्ट २०२२ पासून ती कमी करण्यात आली.

ही मुदत उलटल्यावर व्हेरिफिकेशन केल्यास ते ज्या दिवशी केले, तीच विवरणपत्र भरल्याची तारीख धरली जाते. त्यामुळे वेळेत भरलेले विवरणपत्रही उशिराचे ठरू शकते, आणि मग ५,००० रुपयांपर्यंत विलंब शुल्क लागते (एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असल्यास १,००० रुपयांपर्यंत). शेअर बाजारातील तोटा पुढील वर्षांच्या नफ्यातून वजा करण्यासाठी पुढे ओढण्याची सवलतही अशा वेळी हातची जाते. व्हेरिफिकेशन केलेच नाही, तर विवरणपत्र अवैध ठरते.

सर्वांत सोपा आणि सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग आधार ओटीपीचा. आयकर विभागाच्या ई-फाइलिंग पोर्टलवर लॉग-इन करून ‘ई-फाइल’ या मेन्यूतील ‘इन्कम टॅक्स रिटर्न्स’ आणि त्याखालील ‘ई-व्हेरिफाय रिटर्न’ हा पर्याय निवडावा, आपले विवरणपत्र निवडून आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवावा, संमतीच्या चौकटीत खूण करावी आणि आलेले सहा अंक भरावेत. हा ओटीपी १५ मिनिटे चालतो आणि तो अचूक भरण्यासाठी तीन संधी मिळतात. पॅन आधारशी जोडलेले असणे मात्र आवश्यक आहे.

गाडे अडते ते बहुधा मोबाइल क्रमांकावर. माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही रात्री साडेदहाला तिघे जण एका फोनकडे टक लावून बसलो होतो. पोर्टल ‘ओटीपी पाठवला आहे’ असे सांगत होते आणि फोन मात्र शांत होता. अखेर पडद्यावर दिसणारे क्रमांकाचे शेवटचे अंक मी मोठ्याने वाचले, तेव्हा वडील म्हणाले, “अरे, हा तर माझा ऑफिसात असतानाचा नंबर!” ते सिमकार्ड बंद होऊन बरीच वर्षे झाली होती. आधारमधला क्रमांक आणि पोर्टलवरच्या प्रोफाइलमधला क्रमांक या दोन वेगळ्या नोंदी आहेत, हे त्या रात्री आम्हाला नीट उमगले. म्हणून विवरणपत्र भरायला घेण्याआधीच, विशेषतः घरातील ज्येष्ठांच्या बाबतीत, आधारला कोणता क्रमांक जोडला आहे ते पाहून ठेवावे. तो बंद असेल तर आधार केंद्रावर जाऊन बदलून घेता येतो, मात्र त्याला काही दिवस लागू शकतात.

आमचे काम त्या रात्री बँक खात्यामुळे झाले. पोर्टलवर आधीच पडताळणी झालेले आणि ईव्हीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक व्हेरिफिकेशन कोड, ही सोय सुरू केलेले बँक खाते असेल, तर त्यावरून हा कोड मागवता येतो. हा कोड अक्षरे आणि अंक मिळून दहा खुणांचा असतो आणि ७२ तास चालतो. खाते पॅनशी जोडलेले असावे आणि बँकेकडील मोबाइल क्रमांक पोर्टलवरील क्रमांकाशी जुळावा, एवढी काळजी घ्यावी लागते. डीमॅट खात्यावरूनही असाच कोड मिळतो. नेट बँकिंगमध्ये शिरून तेथील ई-फाइलिंगच्या दुव्यावरून थेट पोर्टलवर जाणे हा आणखी एक मार्ग असून, आधार नसलेल्यांना किंवा परदेशात राहणाऱ्यांना तो विशेष सोयीचा पडतो. काही बँकांच्या एटीएममधूनही कोड मागवता येतो.

ज्यांच्या हिशेबांचे कर लेखापरीक्षण बंधनकारक आहे त्यांना, तसेच कंपन्यांना, डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्रच वापरावे लागते. ज्यांना हे ऑनलाइन मार्ग जमत नाहीत, त्यांनी आयटीआर-व्ही हा एक पानी फॉर्म छापून, त्यावर निळ्या शाईने सही करून बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडे (पिन ५६०५००) स्पीड पोस्टाने पाठवावा. टपालाला लागणारे दिवस याच ३० दिवसांत धरून चालावे.

आता ज्यासाठी हे लिहावेसे वाटले त्याकडे येतो. विवरणपत्र भरून देणाऱ्या कर सल्लागाराचा फोन येतो, “एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगा”, आणि आपण हातातले काम न सोडता सहा अंक सांगून मोकळे होतो. ते अंक म्हणजे आपली सही आहे. विवरणपत्राच्या शेवटी दिलेली माहिती खरी आणि पूर्ण असल्याचे प्रतिज्ञापन असते आणि ते आपल्या नावाने केलेले असते. न केलेली गुंतवणूक, न दिलेली देणगी किंवा न भरलेले घरभाडे दाखवून परतावा वाढवला गेला असेल, तर नोटीस आपल्याला येते, सल्लागाराला नव्हे. त्यामुळे ओटीपी देण्याआधी विवरणपत्राची पीडीएफ प्रत मागवून घ्यावी आणि निदान एकूण उत्पन्न, घेतलेल्या वजावटी, कापलेला टीडीएस (उत्पन्न हाती येण्याआधीच कापलेला कर) आणि परताव्याचे बँक खाते एवढे तरी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे. दहा मिनिटांचे काम आहे. चांगला सल्लागार त्याबद्दल कधीही नाराज होत नाही. आणि आयकर विभागातून बोलतो आहे असे सांगून कोणी ओटीपी मागितल्यास फोन सरळ ठेवून द्यावा.

मुदत खरोखर हुकलीच, तर पोर्टलवरील ‘सर्व्हिसेस’ मेन्यूमधून उशिराचे कारण नमूद करून विलंबमाफीची विनंती करता येते. ती मान्य होईलच असे नाही. आजारपणासारखे खरे कारण असल्यास ते स्पष्ट शब्दांत लिहावे.

व्हेरिफिकेशन झाले की पडद्यावर ट्रान्झॅक्शन आयडी दिसतो आणि नोंदवलेल्या ईमेलवर व मोबाइलवर संदेश येतो. तो आयडी लिहून ठेवावा, आणि एक-दोन दिवसांनी ‘व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स’मध्ये जाऊन विवरणपत्रापुढे व्हेरिफिकेशन झाल्याची नोंद दिसते आहे ना, ते पाहावे.