केचिकनचा पाऊस आणि आम्ही सोलापूरकर

आमच्या अलास्का क्रूझच्या शेवटी केचिकन बंदर लागलं. तिथे वर्षाला 3500 मिलिमीटरच्या वर पाऊस! आपण मृगाच्या सरीची वाट बघणारी माणसं, त्यामुळे ह्यांनी छत्री घेतली. वाऱ्यानं ती धक्क्यावरच उलटी. टोपीचा रेनकोटच घ्या. कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत, अगदी गाठ मारून.

लांबची सहल नको. क्रीक स्ट्रीटला चालत जा. ओढ्यावर खांबांवर उभी लाकडी घरं, फळ्या ओल्या असल्या की शेवाळल्यासारख्या निसरड्या. चपला नकोतच, बाई. जुलै-ऑगस्टला गेलात तर पुलावरून खाली सामन मासे बघा.

घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवा, मोबाइलवर विसंबू नका. परतल्यावर आधी गरम चहा, मग घरून नेलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी.