लाळेतलं एन्झाइम काम करताना डोळ्यांनी बघायचंय? मग हे करा

पचन पोटात गेल्यावरच सुरू होतं असं बरेच जण धरून चालतात, पण स्टार्च (म्हणजे पिष्ट) तुटायला तोंडातच सुरुवात होते, लाळेतल्या अमायलेज नावाच्या एन्झाइममुळे, म्हणजे अन्न तोडणाऱ्या प्रोटीनमुळे, आणि ते घरच्या घरी बघता येतं.

पाव चमचा कॉर्नफ्लोर थोड्या गार पाण्यात कालवा (थेट गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या होणारच), मग अर्धा कप पाणी घालून ढवळत उकळा. शिजवायचं कारण कच्च्या स्टार्चचे कण घट्ट असतात, शिजले की फुगून फुटतात आणि एन्झाइमला आत शिरता येतं. आता पूर्ण गार होऊ द्या, घाई नको, कारण पुढे स्टार्च आहे की नाही ते आयोडीनने बघायचंय (स्टार्च असला की ते काळंनिळं होतं), आणि गरम स्टार्चवर तो रंग चढतच नाही.

तोंड पाण्याने खळखळून धुवा आणि दीड चमचा लाळ गोळा करा, त्यातली अर्धा चमचा छोट्या वाटीत घालून ती वाटी उकळत्या पाण्यात 10 मिनिटं ठेवा, मग गार करा. चार कप मांडा. पहिल्यात अर्धा चमचा साधं पाणी, दुसऱ्यात ताजी लाळ, तिसऱ्यात उकळलेली, चौथ्यात ताजी लाळ अधिक अर्धा चमचा व्हिनेगर. व्हिनेगरऐवजी लिंबू अजिबात नको, त्यातलं व्हिटॅमिन सी आयोडीनचा रंगच घालवतं आणि भलताच निष्कर्ष निघतो. प्रत्येकात दोन चमचे स्टार्च घाला, कप कोमट पाण्यात ठेवा, साधारण 37 अंश, म्हणजे शरीराइतकं.

जखमेवर लावतात ते आयोडीन पाणी घालून पिवळसर करा, पांढऱ्या ताटलीत त्याचे थेंब मांडा, आणि दर मिनिटाला प्रत्येक कपातला एक थेंब त्यात सोडा. आयोडीन थेट कपात ओतू नका. चमचा दरवेळी धुवायचा, नाहीतर एका कपातली लाळ दुसऱ्यात जाते.

दुसऱ्या कपाचा थेंब आधी काळानिळा, मग जांभळट, मग लालसर, आणि शेवटी आयोडीनचा पिवळाच राहतो. किती वेळ लागेल ते माणसागणिक बदलतं, कारण प्रत्येकाच्या लाळेत अमायलेज कमीजास्त असतं. बाकी तिन्ही काळेच राहतात. उकळल्यावर एन्झाइमच्या रेणूची घडी कायमची मोडते, गार केलं तरी परत बसत नाही, आणि ॲसिडमध्येही अमायलेजचं काम थांबतं.

मला सगळ्यात भारी वाटतो तो चौथा कप, कारण जठरात हेच होतं. घासाच्या आतल्या भागात ॲसिड पोचेपर्यंत अमायलेज थोडा वेळ चालू असतं, मग बंद. पण जठरातलं प्रोटीन तोडणारं एन्झाइम, पेप्सिन, त्याला तेच ॲसिड लागतं, त्याशिवाय ते तयारच होत नाही आणि तिथे प्रोटीन तुटत नाही. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंड बायकार्बोनेट सोडून ॲसिड शमवतं, नवं अमायलेज देतं, आणि राहिलेला स्टार्च तिथे तुटतो. तरी ते अजून ग्लुकोज नसतं, बरंचसं माल्टोज, म्हणजे दोन ग्लुकोजची जोडी असते, त्याचे तुकडे आतड्याच्या अस्तरावरचं माल्टेज नावाचं एन्झाइम करतं आणि तेव्हा कुठे ते रक्तात जातं.