जुन्या पत्रांचा रुमाल सोडताय? या चुका टाळा

वाडा पाडायचा ठरतो, किंवा काका-काकूंच्या मागे माळा रिकामा करायची वेळ येते, आणि पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशी एक रुमाल सापडतो. मळकं कापड, सुतळीची गाठ, आत घड्या घातलेले मोडी कागद. शंभर-दीडशे वर्षं गळकी कौलं, उंदीर आणि तीन पिढ्यांच्या वाटण्या सोसून ते इथवर आलेले असतात. पुढच्या रविवारी घरातली मंडळी हौसेने बसतात आणि संध्याकाळपर्यंत कागदांची वाट लागते. खालच्या बहुतेक चुका निष्काळजीपणाने नव्हे, प्रेमापोटी होतात.

सनद ठेवली, बाकी रद्दीत

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. रुमाल उघडला की शोध सुरू होतो तो सनदेचा, इनामपत्राचा, एखाद्या मोठ्या नावाचा किंवा शिक्क्याचा. तसा कागद मिळाला की त्याला फ्रेम होते. उरलेली रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), वाणसामानाच्या याद्या, आहेराची टिपणं, भाडेचिठ्ठ्या, औषधांचे कागद यांची 'काही विशेष नाही' म्हणून बोळवण होते.

खरं तर हिशेब उलटा हवा. इनामांची चौकशी कंपनी सरकारने १८५२च्या कायद्याने रीतसर केली. त्यात घरोघरच्या हक्कांचे पुरावे मागवले गेले, नोंदी झाल्या. तुमच्या सनदेचा माग सरकारी दप्तरात लागण्याची शक्यता निदान आहे. पण सुईणीला काय दिलं, लेकीच्या पाठवणीला किती लुगडी गेली, १८७६-७७च्या दुष्काळात घरात ज्वारी कोणत्या भावाने आली, हे तुमच्या कीर्दीखेरीज कुठे असणार? मुंबई-ठाणे आगगाडी १८५३ला सुरू झाली, घाट सोडून पुण्यापर्यंत रूळ १८५८ला आले, बोरघाटातला अवघड टप्पा १८६३ला पुरा झाला. एखाद्या कीर्दीत बैलगाडीच्या भाड्याच्या जागी अचानक रेल्वेचं तिकीट दिसतं, तेव्हा ही सनावळी तुमच्या घरात शिरते. आणि बायका! पत्रं बहुतेक पुरुषांनी लिहिलेली. आजी-पणज्या भेटतात त्या खर्चाच्या बाजूला, बांगड्या, खण, बाळंतिणीचा डिंक अशा नोंदींत. त्या वह्या रद्दीत गेल्या की त्याही गेल्या.

म्हणून पहिल्या बैठकीत काहीही टाकायचं नाही. कोरा दिसणारा कागदसुद्धा नाही.

कागद 'नीट' लावणे

दुसरी हौस म्हणजे सगळं बाहेर काढून तारखेप्रमाणे लावणं. दिसायला छान, पण नुकसान कायमचं. घरगुती पत्रांवर पुष्कळदा मिती (महिना-तिथी) असते आणि शक (साल) नसतो. 'आश्विन शुद्ध ५' एवढंच. कोणतं साल? ते कळतं शेजारच्या कागदांवरून. ज्या कर्जरोख्यात ते पत्र गुंडाळलेलं होतं, त्यावर साल असतं. दोन्ही वेगळे झाले की ते पत्र कायमचं बिनसालाचं.

आधी रुमालाचा, गाठीसकट, फोटो काढा. मग प्रत्येक थराचा. एकातून एक निघालेले कागद एकत्रच ठेवा. मऊ पेन्सिलीने मागच्या कोपऱ्यात बारीक क्रमांक टाका: रुमाल १, जुडी ३, कागद ७. बॉलपेन, मार्कर, चिकटपट्टीची लेबलं नकोत. तारखेची यादी वहीत किंवा एक्सेलमध्ये करा, तिथे हवी तशी उलटीसुलटी लावा. कागद मात्र होते त्या क्रमाने राहू द्या. टाचणी, स्टेपल दिसली तर ती गंजून कागद खाते, ती हलक्या हाताने काढायची. पण कोणते कागद एकत्र टाचलेले होते ते आधी नोंदवून.

तिकिटं कापणे, डाग पुसणे

घरात कुणी तरी तिकिटं जमवणारं असतंच. त्याला या रुमालापासून लांब ठेवा. व्हिक्टोरिया राणीचं अर्ध्या आण्याचं तिकीट १८५४पासूनचं, पाव आण्याचं पोस्टकार्ड १ जुलै १८७९पासूनचं. तिकीट कापलं की त्यावरचा पोस्टाचा शिक्काही जातो, आणि बिनसालाच्या पत्राला साल देणारा तोच असतो. त्या काळची पुष्कळ पत्रं बिनपाकिटाची. कागदाचीच घडी घालून बाहेरच्या अंगाला पत्ता. तिकीट कापणं म्हणजे मागचा मजकूर कापणं.

डागांचंही तसंच. लग्नपत्राच्या कोपऱ्यावरचं कुंकू, चोपडीच्या पहिल्या पानावरची पूजेची हळद हे डाग नव्हेत, मजकूरच आहे तो. खोडरबर लावू नका. मात्र यंदाच्या दसऱ्याला सरस्वतीपूजनात हाच रुमाल पाटावर मांडून त्यावर नवं हळदकुंकू आणि अक्षता वाहू नका. हळदकुंकवाचा डाग निघत नाही आणि तांदळाच्या कण्यांना किडे येतात. पूजा करायचीच तर रुमालाच्या फोटोची करा, सरस्वती रागावणार नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगायची: मृत्यूची बातमी देणारं पत्र वाचून लगेच फाडून टाकायचा आपल्याकडे रिवाज होता. म्हणून पणजोबांच्या निधनाबद्दल एकही पत्र सापडलं नाही तर 'कुणी कळवलंच नाही' असा निष्कर्ष काढू नका. तो शोध खर्चाच्या वहीत करा. दिवसांचा खर्च तिथे असतो.

सेलोटेप, लॅमिनेशन, फेविकॉल, इस्त्री

चारही नकोत. सेलोटेपचा चिकटा काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो, पट्टी गळून पडते, डाग राहतो. प्लॅस्टिकचं गरम लॅमिनेशन परत काढता येत नाही. आतला आम्लयुक्त कागद तिथेच जळत राहतो. फेविकॉल वाळून कडक होतो आणि कागद त्याच्या कडेला मोडतो. इस्त्रीबद्दल काय बोलावं! घडी मोडण्यासाठी कागद थोड्या दमट हवेत मऊ करून दोन टिपकागदांमध्ये हलक्या वजनाखाली ठेवतात, आणि तेही शाई पाण्याला टिकते का हे पाहिल्यावर.

शाईचा मुद्दा इथे महत्त्वाचा. बोरूने, म्हणजे वेताच्या लेखणीने, लिहिलेली जुनी काजळीची शाई दीडशे वर्षांनीही काळीभोर असते, उजेडाने उडत नाही, पण ती बांधलेली असते डिंकाने. ओला बोळा फिरवला की अक्षरं वाहून जातात. पुढे धातूच्या निबाचे टाक आले, तेव्हाची लोह असलेली शाई आता तपकिरी दिसते, अक्षरांभोवती पिवळसर छटा असते आणि जाड फटकाऱ्याच्या जागी कागदाला भोकं पडलेली असतात. ती शाई आम्लामुळे कागद आतून खाते आणि दमट हवेत तिचा वेग वाढतो. दोन्हींना पाणी वर्ज्य, कारणं वेगळी.

'जितका जुना तितका नाजूक' हा समजही सोडून द्या. जुन्नर-दौलताबादकडचा चिंध्यांच्या लगद्याचा हातकागद १८२०चा असला तरी लवचीक सापडतो, तर १८९०चा गिरणीतला लाकडी लगद्याचा कागद बोट लावताच तुटतो. जास्त जपायचं ते या दुसऱ्याला.

दुरुस्ती करायचीच तर ती पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची शिजवलेली खळ यांनीच, म्हणजे पुढे कुणाला पाण्याने सोडवता येईल अशी. ती खळ आज शिजवून आज वापरायची असते. मोरचूद घातलेली जुनी खळ किडे मारते खरी, पण विषारीही असते. हात शिकलेला नसेल तर फाटका कागद फाटकाच राहू द्या. पाकिटात ठेवलेल्या दोन तुकड्यांनी कुणाचं काही बिघडत नाही.

असं झालं असेल तर

*कागद भिजले.* बुरशी यायला सुमारे ४८ तास पुरतात. थोडे कागद असतील तर सावलीत, टिपकागदावर, एकेक सुटा पसरा; पंखा खोलीत फिरू द्या, कागदांवर नको. उन्हात टाकू नका, हेअर ड्रायर नको. ढीग मोठा असेल तर छोट्या जुड्या करून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घाला आणि डीप फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेला कागद कुजत नाही. तज्ज्ञ मिळेपर्यंत वेळ हाताशी येतो.

*जुडीची वीट झाली आहे.* चाकू, पट्टी, सुरी काही घालू नका. वाळवीची माती आणि शाईचा डिंक यांनी पानं चिकटलेली असतात. ओढली की मजकूर समोरच्या पानावर जातो. हे काम संवर्धकाचं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेची केंद्रंही हे काम करतात.

*किडे दिसतात.* चंदेरी, झटकन पळणारी कसर पानाचा वरचा पापुद्रा कुरतडते. गोल भोकं पाडणाऱ्या अळ्या वेगळ्या. त्या जुड्या आधी बाकीच्यांपासून लांब करा. मग पिशवीत हवाबंद करून उणे १८ ते २० अंशांवर दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. फ्रिजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात एवढी थंडी टिकेलच असं नाही. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांची वाफ कागदाला आणि तुम्हालाही वाईट. वेखंड, कडुनिंब ठेवायचंच तर पूर्ण वाळवून, पुरचुंडीत, कपाटाच्या कोपऱ्यात. पानांमध्ये पाला ठेवला की तिथे त्याचा डाग उमटतो.

*पांढरी पूड सापडली.* मागच्या पिढीने गॅमेक्सिन किंवा डीडीटीसारखी कीटकनाशकं भुरभुरलेली असू शकते. हातमोजे आणि एन-९५ मास्क घाला, पोरांना जवळ येऊ देऊ नका. कागदावर चमकणारे बारीक कण मात्र शाई सुकवायला टाकलेल्या वाळूचे असू शकतात. फुंकरीने उडवू नका, मऊ ब्रशने अलगद झटका.

*बुरशीचा वास येतो.* ओल्या बुरशीवर ब्रश फिरवला तर ती चोळली जाते. आधी कोरडं होऊ द्या, मग बाल्कनीत, मास्क लावून झटका.

ठेवायचे कुठे

माळ्यावर नाही, देवघरात नाही (दिव्याची काजळी, उदबत्ती, तेल), बाहेरच्या भिंतीला टेकून नाही. पावसाळ्यात लोखंडी कपाटाच्या आत पाणी धरतं, म्हणून ते भिंतीपासून चार बोटं लांब आणि थोडं उचललेलं हवं. झिपच्या पिशव्या पटतात, पण कोकणातल्या जुलैत बंद केलेली पिशवी दमट हवाही आत कोंडते. आम्लविरहित पुठ्ठ्याची पेटी उत्तम; न मिळाल्यास खळ जाईपर्यंत धुतलेला, बिनरंगी मांजरपाट (जाडं सुती कापड). लाल खारव्याच्या कापडाचा रंग ओलीत कागदावर उतरतो. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी, ६५च्या वर गेली की बुरशीला आमंत्रण. साधा हायग्रोमीटर आणून ठेवा. रुमाल पावसाळ्यात सोडूच नका. दिवाळीनंतरची कोरडी हवा त्यासाठी बरी.

वाचताना होणारी गफलत

मोडी येणाऱ्यालाही सनावळी चकवते. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना ठाऊक. पण जानेवारी उजाडल्यानंतरच्या मित्यांना ७९ मिळवायचे, हे विसरतं. शके १८००चा माघ म्हणजे १८७९चा जानेवारी-फेब्रुवारी, १८७८ नव्हे. आपल्याकडच्या फसली (महसुली) सनात ५९०, जुन्या कागदांतल्या सुहूर सनात ५९९ मिळवायचे. दोन्हींचं वर्ष उन्हाळ्याच्या शेवटी, मृगाच्या आसपास सुरू होतं, म्हणून वर्षाच्या उत्तरार्धात आणखी एक. शके १७८४, फसली १२७२, सुहूर १२६३ ही तिन्ही साधारण एकाच सालाची, १८६२-६३ची नावं आहेत.

हिशेबात आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन रेघा अर्धा, तीन पाऊण. '५॥' म्हणजे साडेपाच, पूर्णविराम नाही. रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै हे धरून बेरीज जुळवली की आकडा बरोबर वाचला की नाही ते लगेच कळतं. मजकुराला अशी ताळा करायची सोय नाही. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. लिप्यंतर करताना शुद्धलेखन सुधारू नका. लिहिलंय तसं उतरवा, शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह द्या.

फोटो आणि प्रती

खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद, कॅमेरा कागदाला समांतर, शेजारी पट्टी. दोन्ही बाजू, कोरी बाजूही. लांब गुंडाळी असेल तर एकावर एक थोडे चढणारे तुकडे घ्या, आणि जोडाच्या मागे शिक्का आहे का पाहा. स्कॅनरवर दाबून सपाट करू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो ही प्रत नव्हे. तो आकसलेला असतो. मूळ फाइली दोन वेगळ्या डिस्कवर, आणि एक प्रत दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे.

वाटणी, देणगी, परदेश

भावांत रुमाल वाटू नका. प्रती वाटा, मूळ एकत्र राहू द्या. घरात सांभाळणारं कुणी नसेल तर १९१०पासून पुण्यात असलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा धुळ्याचं राजवाडे मंडळ यांसारख्या संस्थांशी आधी बोला. देताना यादी, लेखी पोच आणि तुमच्याकडे पूर्ण डिजिटल प्रत हवी. फक्त सनद देऊन कीर्दी घरी कुजवायच्या, हा सौदा कुणाच्याच कामाचा नाही.

न्यू जर्सीच्या किंवा लंडनच्या मुलाने 'मी घेऊन जातो, इथे हवा कोरडी आहे' म्हटलं तर त्याला थांबवा. ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा तत्सम मोलाचा आणि ७५ वर्षांहून जुना दस्तऐवज १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येतो, आणि असा दस्तऐवज खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. त्याच्यासाठी हार्ड डिस्क भरून द्या, आणि जाण्यापूर्वी त्याच्या आईकडून पत्रांतल्या टोपणनावांची यादी लिहून घ्यायला सांगा: बापू कोण, ताई कुठली, 'धाकटे' म्हणजे नेमके कोण.