नव्या फाइलवर आपोआप हेडर: या चुका टाळा

नवी फाइल उघडली की वर फाइलचं नाव, तारीख आणि परवान्याची ओळ आपोआप यावी, एवढंच तर हवं असतं. विम या टेक्स्ट एडिटरमध्ये त्यासाठी एक ऑटोकमांड, म्हणजे ठरावीक इव्हेंट घडला की आपोआप चालणारी कमांड, पुरते. ती लिहून झाली की मात्र ‘कधी येतं, कधी येत नाही’ ही तक्रार सुरू होते. बहुतेक वेळा घोळ कमांडमध्ये नसतोच. ‘नवी फाइल’ कशाला म्हणायचं, यावर आपलं आणि एडिटरचं एकमत नसतं.

विमचा बफन्यूफाइल हा इव्हेंट, त्या नावाची फाइल डिस्कवर मुळीच नसेल तेव्हाच घडतो. टर्मिनलवर टच ही कमांड चालवून रिकामी फाइल बनवलीत आणि मग उघडलीत, तर विमच्या लेखी ती जुनी. बाजूला फोल्डरांचं झाड दाखवणारी काही प्लगइन्स नेमकं हेच करतात: आधी डिस्कवर शून्य बाइटची फाइल, मग बफर, म्हणजे एडिटरमध्ये उघडलेला मजकूर. अशा वेळी बफरीडपोस्ट या, डिस्कवरची फाइल वाचून झाल्यावर घडणाऱ्या इव्हेंटवरही तीच कमांड लावावी लागते, पण फाइलचा आकार शून्य आहे का हे तपासूनच. ही तपासणी राहिली तर उघडाल त्या प्रत्येक जुन्या फाइलच्या डोक्यावर नवं हेडर चढेल.

ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरचा ऑटो-इन्सर्ट मोड बफर रिकामा आहे ना, एवढंच बघतो, त्यामुळे टचची फाइल त्याला चालते. तिथली मेख वेगळी आहे. हेडर घातल्यावरही मूळ सेटिंगनुसार बफर ‘न बदललेला’ धरला जातो. लगेच सेव्ह करायला जावं तर सेव्ह करण्यासारखं काही नाही, असं उत्तर मिळतं आणि माणूस उगाच सगळं कॉन्फिग उकरत बसतो.

दुसरी मोठी चूक पहिल्या ओळीची. विमची नुसती ‘आर’ कमांड टेम्प्लेट (हेडरचा साचा) कर्सरच्या ओळीखाली ओतते, म्हणून वर एक रिकामी ओळ उरते. कॉमेंट असेल तर बिघडत नाही. पण शेल स्क्रिप्टमध्ये हॅश आणि उद्गारचिन्ह (स्क्रिप्ट कुठल्या प्रोग्रामने चालवायची ते सांगणाऱ्या ओळीची सुरुवात) हे फाइलचे अगदी पहिले दोन बाइट असावे लागतात; ते खाली सरकले की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्या ओळीला विचारत नाही. एक्सएमएलचं डिक्लरेशनही असंच हट्टी. पायथनची एन्कोडिंगची ओळ पहिल्या दोन ओळींतच चालते. उपाय एका अक्षराचा: ‘आर’च्या आधी शून्य. मग रिकामी ओळ तळाला जाते, तीही पुसून टाका. परवान्याची ओळ हॅश-उद्गारचिन्हाच्या वर ठेवणारेही भेटतात. लिनक्स कर्नलचा नियम इथे उपयोगी आहे: एसपीडीएक्सची (परवाना ठरावीक खुणेने सांगणारी) ओळ शक्य तितक्या वर, स्क्रिप्टमध्ये मात्र दुसऱ्या ओळीवर.

हेडर दोनदा येतंय? विमआरसी (विमच्या सेटिंगची फाइल) पुन्हा लोड केली की ऑटोकमांड पुन्हा नोंदली जाते. ती ऑग्रुपमध्ये (ऑटोकमांडच्या गटात) ठेवा आणि सुरुवातीलाच तो ग्रुप रिकामा करा.

तारखेऐवजी ‘एसटीआरएफटाइम’ हे तारीख देणाऱ्या फंक्शनचं नावच अक्षरशः छापलं जात असेल, तर टेम्प्लेट जशीच्या तशी उतरते हे लक्षात घ्या. तिथे एखादी खूण ठेवा आणि मजकूर आल्यावर सब्स्टिट्यूट या शोधून बदलणाऱ्या कमांडने बदला. त्या कमांडला ‘ई’ फ्लॅग द्या, नाहीतर खूण नसलेल्या टेम्प्लेटवर एरर येईल. टेम्प्लेटचा पाथ सापेक्ष (सध्याच्या फोल्डरपासून धरलेला) नको, कारण तो फोल्डर बदलला की हरवतो. कमांडवर एरर दाबणारं ‘सायलेंट’ आणि उद्गारचिन्ह लावून ठेवलंत तर तो हरवल्याचं कळतही नाही.

ऑटोकमांड कुठल्या फाइलींना लागू ते सांगणाऱ्या पॅटर्नमध्ये नुसता तारा (म्हणजे सगळ्याच फाइली) देणं हा शुद्ध आळस. जेसन या डेटाच्या फॉरमॅटमध्ये कॉमेंट चालत नाही. हेडर शिरलं की फाइल मोडलीच.

लेखकाचं नाव आणि ‘शेवटचा बदल’ हेडरमध्ये ठेवू नये, असं माझं मत. बदलांचा इतिहास ठेवणारं गिट ते जास्त इमानाने सांभाळतं.

व्हीएस कोड या एडिटरचे स्निपेट (मजकुराचे तयार तुकडे) आपणहून उमटत नाहीत, मागावे लागतात. जेटब्रेन्सच्या एडिटरांतल्या टेम्प्लेट त्यांच्याच ‘न्यू’ मेनूतून फाइल बनवली तर लागू होतात. बाहेरून आणलेली फाइल तशीच राहते.

एवढं करूनही काही उमगलं नाही, तर विममध्ये ऑटोकमांडची यादी ‘व्हर्बोज’ (जास्त तपशील दाखवणारा शब्द) लावून मागवा. बफन्यूफाइलवर काय काय टांगलंय आणि ते कुठल्या फाइलमधून आलं, दोन्ही दिसतं.