एफवायबीएस्सीचा तिसरा विषय नीट बघून घ्या

बारावीचा निकाल लागला की नात्यातलं नाहीतर सोसायटीतलं कोणीतरी फोन करतंच, पोरीला बीएस्सीला घालायचंय, विषय कुठले घेऊ गं. आणि प्रश्न कायम पहिल्या विषयाबद्दल असतो, फिजिक्स की केमिस्ट्री, बॉटनी की मायक्रो. तिसऱ्या विषयाचं कोणी विचारतच नाही. कॉलेज देईल तो, मैत्रिणीने घेतला तो, नाहीतर सोपा जातो असं ऐकलंय तो. मला अगदी मनापासून वाटतं की अ‍ॅडमिशनच्या वेळी डोकं लावायचं असेल तर या तिसऱ्या विषयावर लावा, कारण पहिला बहुतेकांनी मनात ठरवलेलाच असतो.

आधी सध्याचा पॅटर्न सांगते. नवीन शैक्षणिक धोरण २०२० चं, पण पुण्यात स्वायत्त कॉलेजांमध्ये २०२३-२४ पासून आणि विद्यापीठाच्या बाकीच्या कॉलेजांमध्ये २०२४-२५ पासून आलं. बहुतेक ठिकाणी एफवायला, म्हणजे पहिल्या वर्षाला, सायन्सचे तीन विषय, तिन्ही सारख्याच वजनाचे, प्रत्येकाची सेमिस्टरला २ क्रेडिटची थिअरी आणि २ क्रेडिटचं प्रॅक्टिकल, बाकी क्रेडिट भाषा, ओपन इलेक्टिव्ह वगैरेंना जातात. मग एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, या तीनपैकी एक मेजर (मुख्य विषय) होतो, एक मायनर (दुय्यम विषय) होतो आणि एक सुटतो. स्वायत्त कॉलेजांमध्ये यात थोडाफार फरक असतो, काही ठिकाणी मेजर पहिल्याच वर्षी ठरवून टाकतात, त्यामुळे फर्ग्युसन, एसपी, मॉडर्न, गरवारे यांपैकी कुठे जाणार असाल तर त्या त्या कॉलेजचं स्ट्रक्चर वेगळं डाउनलोड करून वाचा, एकाचं वाचून दुसऱ्याचं गृहीत धरू नका.

आता लोक म्हणतात की सुटणारच आहे तर सोपा घ्या, मार्क वाढतील. पण तुम्ही सतरा-अठराव्या वर्षी जो मेजर ठरवून येता तोच एसवायला राहतो असं अजिबात नाही. माझ्या बॅचमधल्या कितीतरी जणांचं मन पहिल्या दोन सेमिस्टरमध्ये बदललं, केमिस्ट्रीसाठी आलेला मुलगा स्टॅट्सला, म्हणजे संख्याशास्त्राला, गेला आणि छान रमला. आणि बदलायचं तर या तीन विषयांमधूनच बदलता येतं, बाहेरचा विषय एसवायला नव्याने उचलणं जवळजवळ अशक्य. म्हणजे तिसरा विषय असा हवा की वेळ आली तर तीन वर्षं करायला आवडेल, किंवा मेजरला असं काही देईल जे मेजर स्वतःहून देत नाही.

दुसऱ्या कारणासाठी माझंच उदाहरण देते. आमच्या वेळी एफवायला चार विषय असायचे, माझे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि जिऑलॉजी. मेन केमिस्ट्रीच. जिऑलॉजी घेताना घरी सगळ्यांनी विचारलं की दगडांचं काय करणार, आणि पुण्यात राहून हा प्रश्न विचारावा याचं मला आजही नवल वाटतं. आपण अख्खे बेसॉल्टवर बसलोय. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यातूनच वेताळ टेकडी, पर्वती, तळजाई, सिंहगड. फील्डला नेलं की सर कड्यापाशी उभं करून दाखवायचे, हा घट्ट काळा थर, हा वरचा भोकांभोकांचा, लाव्हा थंड होताना गॅस अडकला त्याची ही भोकं, मग कधीतरी त्यातून पाणी फिरलं आणि पांढरी, गुलाबट खनिजं भरली गेली. ती खनिजं बरेचदा झिओलाइट असतात, अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉन-ऑक्सिजनची जाळी, आत पोकळ्या, त्यात पाणी आणि सोडियम-कॅल्शियमचे आयन. केमिस्ट्रीच्या तासाला हेच झिओलाइट कॅटॅलिस्ट म्हणून येतात, आयन एक्स्चेंजमध्ये येतात, आणि पाषाणच्या एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, झिओलाइट कॅटॅलिस्टवर कित्येक वर्षं काम झालंय. फळ्यावरचं स्ट्रक्चर आणि टेकडीवरचा दगड एकाच आठवड्यात समोर आले ना की जे डोक्यात बसतं ते गाइड वाचून बसत नाही. वाघोलीच्या खाणींमध्ये कॅव्हॅन्साइट सापडतं, निळंशार, जगभरातले खनिजं जमवणारे लोक त्यासाठी वाघोलीचं नाव घेतात. कॅल्शियम व्हॅनेडियम सिलिकेट. तो निळा रंग व्हॅनेडियममुळे, आणि ट्रान्झिशन मेटल रंगीत का असतात हा केमिस्ट्रीतलाच धडा. पुण्याच्या कितीतरी पोरांना हे माहीतही नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मी पाण्याच्या तपासणीचं काम करते, विहिरी, बोअर, त्यांचे नमुने. पाण्याचा हार्डनेस काढायचा म्हणजे ईडीटीए या रसायनाचं टायट्रेशन, पीएच १० चा बफर घालायचा, इंडिकेटरचे थेंब टाकायचे आणि वाइनसारख्या लाल रंगाचा निळा होईपर्यंत थेंब थेंब सोडायचं, हे कॉलेजात कोणीही शिकतं. आकडा येतो. पण एका विहिरीचा आकडा एवढा आणि पलीकडच्या शेतातल्या विहिरीचा दुप्पट का, एकीला मेपर्यंत पाणी आणि दुसरी जानेवारीतच कोरडी का, याचं उत्तर टायट्रेशनमध्ये नसतं, ते बरंचसं खालच्या खडकात असतं. घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी फक्त भेगांमधून फिरतं, भोकांचा झिजलेला थर पाणी धरतो, आणि पाणी कुठल्या थरातून किती काळ फिरून आलंय तसे त्यात क्षार उतरतात. माझ्या कामातलं निम्मं शहाणपण त्या चौथ्या विषयातून आलंय, मेनमधून नाही.

याचा अर्थ सगळ्यांनी जिऑलॉजी घ्या असं नाही, ती मोजक्याच कॉलेजांमध्ये आहे, फर्ग्युसनला आहे. बायोलॉजीकडे जाणाऱ्यांसाठी माझं मत स्पष्ट आहे, मिळत असेल तर स्टॅट्स घ्या, नसेल मिळत तर केमिस्ट्री तरी सोडू नका. बॉटनी-झूलॉजी-मायक्रो असे तिन्ही एकाच बाजूचे विषय घेतले की एफवाय मजेत जातं, पण पुढे एमएस्सीला प्रत्येक प्रयोगाचा डेटा हाताळायचा असतो, एन्झाइमचा वेग काढायचा असतो, तिथे हात अडकतो. आयआयटीची जॅम, म्हणजे एमएस्सीची प्रवेश परीक्षा, देणार असाल तर हेही बघा की तिच्या बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात बायोलॉजीबरोबर केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणिताचेही प्रश्न असतात.

आणि फिजिक्स मेजर करायचं असेल तर मॅथ्सशिवाय नाही, एवढंच. बारावीला मॅथ्स त्रासदायक गेलं म्हणून कोणी फिजिक्स-केमिस्ट्री-इलेक्ट्रॉनिक्स सुचवलं तर थांबून विचार करा, मेकॅनिक्स असो की क्वांटम, डिफरन्शियल इक्वेशन येणारच, आणि पुढे एमएस्सीला बऱ्याच ठिकाणी ग्रॅज्युएशनला मॅथ्स होतं का हे विचारतात. ज्यांनी बारावीलाच मॅथ्स सोडलंय त्यांनी फॉर्म भरण्याआधी कॉलेजात जाऊन पात्रता विचारा, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स हा तर वेगळाच कोर्स आहे आणि त्याला बारावीचं मॅथ्स लागतं.

बरं, विषय कसा असेल हे आधी कळणार कसं? सिलॅबसची पीडीएफ वाचून फारसं कळत नाही, सगळ्याच विषयांची पहिली युनिट बारावीसारखी दिसतात. मला एका सिनियर ताईने सांगितलं होतं, "अगं सिलॅबस नको बघू, जर्नल बघ." एफवायच्या कोणाचंही सर्टिफाइड जर्नल, म्हणजे सरांनी तपासून सही केलेली प्रॅक्टिकलची वही, मागून घ्या आणि इंडेक्सपासून चाळा. हिशोब बघा ना, थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणजे प्रत्येक विषयात सेमिस्टरला ३० तास लेक्चर आणि ६० तास लॅब. तुमचा खरा वेळ लॅबमध्ये जाणार आहे. बॉटनीत ब्लेडने पातळ सेक्शन कापत बसायला आवडेल का, फिजिक्सला एकच रीडिंग पुन्हा पुन्हा घेऊन एरर काढायला आवडेल का, झूलॉजीत स्लाइडवरून तासभर ड्रॉइंग काढवेल का, स्टॅट्सला संगणकावर आकड्यांशी खेळायला आवडेल का. जर्नल चाळताना ज्या विषयाची पानं तुम्ही आपोआप हळू उलटता तो विषय तुमचा असण्याची शक्यता जास्त.

लॅब स्वतःही बघून या. ऑफिसमधून परवानगी काढा, डिपार्टमेंटला जा, लॅब असिस्टंट काकांशी बोला, त्यांना सगळं माहीत असतं, एका मायक्रोस्कोपवर किती पोरं, एका बॅचला किती जण, फील्ड ट्रिप खरंच होते की नुसती कागदावर. एचओडींना भेटलात तर दोन गोष्टी नक्की विचारा, गेल्या वर्षी हा विषय एसवायला मेजर म्हणून किती जणांना मिळाला, आणि जागा भरल्या की कशावर ठरतं, एफवायच्या मार्कांवर की आणखी कशावर. हे आधी विचारलं नाही तर वर्षभराने आवडलेला विषय समोर असून हाताला लागत नाही.

विषयांचे ग्रुपही वेळापत्रकाच्या सोयीने बांधलेले असतात, त्यामुळे हवं ते कॉम्बिनेशन एका कॉलेजात नसलं तर दुसऱ्यात असू शकतं, फक्त मेरिट लिस्टचं नाव बघून कॉलेज पक्कं करू नका, शिवाजीनगर-डेक्कनच्या पट्ट्यात एवढी कॉलेजं आहेत की एका सकाळी तीन-चार ठिकाणी चौकशी सहज होते. अ‍ॅडमिशननंतर विषय बदलायला बहुतेक ठिकाणी थोडे दिवस मिळतात, तारीख नोटीस बोर्डावर लागते आणि अर्ज लेखीच द्यावा लागतो. पहिल्या आठवड्यातली सगळी प्रॅक्टिकल न चुकवता करा, आणि बदल करायचा असेल तर त्या तारखेच्या आत अर्ज द्या, पोच घ्यायला विसरू नका.