जुन्या लिव्हर-ॲक्शन रायफलींच्या मूळ साईट्स: ओळख आणि मूल्यमापन

विंचेस्टर किंवा मार्लिन या अमेरिकी कंपन्यांची जुनी लिव्हर-ॲक्शन (चापाजवळचा दांडा खाली-वर करून काडतूस भरण्याची) रायफल पारखताना बहुतेकांची नजर आधी नळी, दस्ता आणि अनुक्रमांक यांवर स्थिरावते, साईट्सकडे, म्हणजे नेम धरण्यासाठी नळीवर वा दस्त्याजवळ बसवलेल्या भागांकडे, मात्र ओझरतेच लक्ष जाते. वास्तविक शंभर-सव्वाशे वर्षांच्या वापरात सहज बदलल्या गेलेल्या भागांपैकी साईट हा एक प्रमुख भाग आहे, कारण ती काढायला हातोडी आणि पितळी सुंभा पुरतो. म्हणूनच एखादी साईट दुर्मीळ आहे का, यापेक्षा ती या रायफलीशी मेळ खाते का, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

तपासणीला हात घालण्यापूर्वी लिव्हर उघडून चेंबर (गोळी झाडताना काडतूस बसते ती जागा) आणि काडतुसांची नळी दोन्ही रिकामी आहेत याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करावी. रायफल कितीही जुनी असली, तरी ही पायरी वगळू नये.

विंचेस्टरच्या १८९४ मॉडेलचे उदाहरण घेऊ. त्याची रायफल साधारणतः २६ इंची नळीची, तर कार्बाइन (आखूड रायफल) २० इंची नळीची असे आणि दोन्हींवरच्या साईट्स वेगळ्या धाटणीच्या असत. रायफलीची पुढची साईट नळीवरच्या डव्हटेल (तळाशी रुंद, वर अरुंद) खाचेत आडवी बसवलेली असते. जुन्या कार्बाइनवर मात्र नळीलाच जोडलेल्या छोट्या उंचवट्यात तिचे पाते खिळीने अडकवलेले दिसते. कार्बाइनवर तिरप्या चढणीवर बसवलेली, वर टोपण असलेली पुढची साईट १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आली. ती १८९६ च्या नळीवर दिसली, तर साईट किंवा नळी यांपैकी काहीतरी नंतरचे आहे हे उघड आहे.

पुढचे काम भिंगाचे. डव्हटेल खाचेच्या कडा नीट पाहाव्यात. सैल साईट घट्ट बसावी म्हणून कडा ठोकून दाबलेल्या असतील, तर तेथे बारीक चपटे ठसे दिसतात आणि त्या खाचेत कधीतरी दुसरी साईट बसली असावी, असा संशय घ्यायला जागा राहते. साईटचा धातू आणि भोवतालची नळी यांची झीजही जुळली पाहिजे. नळीवरचे ब्लूइंग (गंज रोखणारा निळसर-काळा थर) करडे-तपकिरी झाले असताना मागची साईट एकसारखी काळी, धारदार कडांची असेल, तर ती अलीकडची आहे असे समजून पुढे जावे. अशा साईट्स आजही नव्याने बनतात आणि त्यांत फसवणुकीचा हेतू असतोच असे नाही. मागच्या साईटखाली सरकणारी, तिची उंची ठरवणारी पायऱ्यांची पट्टी मूळ आहे का, हेही पाहावे. ही पट्टी हरवण्याचे प्रमाण मोठे आहे.

टँग साईटचे प्रकरण सर्वांत रंजक आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. दस्त्याच्या मानेवरून मागे जाणाऱ्या लोखंडी जिभेवर, म्हणजे टँगवर, उभी राहणारी ही साईट. कनेक्टिकटमधील मिडलफील्डच्या विल्यम लायमन यांनी १८७९ मध्ये आपल्या अशा साईटचे पेटंट घेतले, आणि मिशिगनमधील ग्लॅडस्टोनच्या मार्बल कंपनीने पुढे स्प्रिंगवर डुलणारी साईट काढली, जी धक्का लागल्यास मोडण्याऐवजी कलून पुन्हा उभी राहते. मार्बलच्या साईटवरचा ठसा काळ सांगतो: ‘मार्बल सेफ्टी ॲक्स कंपनी’ हे जुने नाव, तर ‘मार्बल आर्म्स’ हे १९११ पासूनचे. लायमनच्या साईटच्या बैठकीवर कोरलेले सांकेतिक अक्षर ती कोणत्या मॉडेलसाठी बनली हे दर्शवते. ते अक्षर रायफलीशी जुळत नसेल, तर साईट अस्सल असूनही या रायफलीची नव्हे.

साईट खूप काळ एकाच जागी असेल, तर बैठकीच्या कडेला लागून धातूच्या रंगात तिची रेषा उमटलेली दिसते. नंतर जोडलेल्या साईटखाली अशी रेषा सहसा नसते. हीच खूण पाहण्यासाठी स्क्रू काढण्याचा मोह होतो. पण खाचेत नेमका बसणारा पेचकस हाताशी नसेल, तर तो आवरावा, कारण कुरतडलेल्या स्क्रूची खाच पूर्ववत करणे अवघड असते.

कागदोपत्री पुरावा हवा असल्यास वायोमिंगमधील कोडी येथील संग्रहालयाकडे विंचेस्टरच्या कारखान्याच्या नोंदी आहेत. १८९४ मॉडेलसाठी त्या अनुक्रमांक १ ते ३५३९९९ पर्यंतच्या रायफलींच्या आहेत. खास मागणीने बसवलेल्या साईटचा तेथे उल्लेख सापडला, तर त्या नोंदींवरून संग्रहालय देत असलेल्या पत्राने किंमत ठोसपणे वाढते. उल्लेख नसला म्हणून साईट बनावट ठरत नाही, कारण दुकानदार आणि मालकही साईट्स बसवून घेत. तिला मी ‘त्या काळातली जोड’ म्हणेन, ‘कारखान्याची’ म्हणणार नाही, आणि किंमतही त्याच फरकाने लावेन.

किंमत लावताना मागितलेल्या भावांकडे नव्हे, तर प्रत्यक्ष झालेल्या विक्रीकडे पाहावे. मोठी लिलावगृहे हे आकडे प्रसिद्ध करतात. आधी त्या अवस्थेतल्या, साध्या साईट असलेल्या रायफलीचा भाव घ्यावा, मग सुटी साईट कितीला गेली हे पाहावे. पत्र आणि जुळणारी झीज असेल, तर दोन्हींच्या बेरजेपेक्षा अधिक मागणे रास्त आहे. फक्त काळ जुळत असेल, तर बेरजेच्या आतच राहावे. साईटसाठी टँगवर नव्याने छिद्रे पाडलेली असतील, तर साईट कितीही सुंदर असली तरी रायफलीची किंमत घटते, कारण ती छिद्रे कायमची राहतात. मूळ साईट काढून ठेवलेली असेल, तर ती, तिचे स्क्रू आणि टँगच्या छिद्रातले बुजवणी-स्क्रू एका पाकिटात घालून, त्यावर अनुक्रमांक लिहून रायफलीसोबतच विकावेत.